कोल्हापूर ते नागपूर, सातशे किलोमीटर: एका फाउंड्रीच्या प्रवासाचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीचं, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं आहे. ओळख लपवण्यासाठी वार, वेळा आणि मालाचे आकडे बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे. लहान विमानतळांवरून कामासाठी ये-जा करणाऱ्या कारखानदारांना आणि त्यांची तिकिटं काढणाऱ्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

पार्श्वभूमी

ही फाउंड्री नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या एका यंत्रनिर्मात्याला बेअरिंग हाउसिंगची कास्टिंग (बेअरिंग बसवायचे ओतीव भाग) पुरवते. माल ट्रकने जातो आणि माणसांनी जायची वेळ वर्षातून क्वचितच येते. ऑगस्टमधल्या एका सोमवारी संध्याकाळी ग्राहकाचा मेल आला. 240 नगांच्या लॉटमध्ये मशीनिंग केल्यावर बोअरमध्ये (मधल्या गोल भोकात) ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेली छिद्रं, दिसत होते आणि लॉट होल्डवर टाकला होता. गुरुवारी सकाळी दहा वाजता संयुक्त तपासणी ठरली होती. फाउंड्रीचा माणूस हजर नसेल तर पूर्ण लॉट रिजेक्ट आणि डेबिट नोट (बिलातून वसुली), असं मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं.

जायचं दोघांनी ठरलं, क्वालिटीचे प्रमुख (सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात) आणि मेल्टिंगचा तरुण इंजिनिअर. सोबत त्याच हीटचे, म्हणजे भट्टीत त्याच वेळी वितळवलेल्या धातूचे, राखून ठेवलेले दोन नग न्यायचे होते. त्यातला एक उभा कापून, घासून, आतला भाग दाखवता येईल असा. कापणं, पॉलिश आणि लॅबचा रिपोर्ट हे सगळं मंगळवारी रात्री उशिरापर्यंत उरकणार होतं.

मालकांनी, म्हणजे आण्णांनी, मोबाइलवर शोधलं. कोल्हापूर ते नागपूर हवाई अंतर 700 किलोमीटर, विमानाने सव्वा तास. “आपल्या मागनंच तर विमान उडतंय. सकाळी बसला की दुपारी जेवायला नागपुरात,” हे त्यांचं पहिलं वाक्य. उजळाईवाडीचा विमानतळ गोकुळ शिरगावला अगदी खेटून आहे. त्यात 10 मार्च 2024 ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झाल्यापासून तिथे बसायला-उठायलाही बरं झालंय. त्यामुळे आण्णांचं म्हणणं कुणालाच वावगं वाटलं नाही.

तो आकडा नेमका कशाचा

अंतर सांगणाऱ्या साइट जे 700 किलोमीटर दाखवतात, ते पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर असतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि सूत्रात घालायचे. आकडा बरोबर असतो. वेळ काढताना हेच अंतर ताशी आठशेच्या आसपासच्या वेगाने भागतात आणि चढ-उतारासाठी काही मिनिटं जोडतात. त्या दोन गावांमध्ये विमान आहे की नाही, हे या हिशेबाला ठाऊकच नसतं. रत्नागिरी ते गोंदिया विचारलं तरी अशी साइट तितक्याच आत्मविश्वासाने तास-मिनिटं सांगेल.

प्रत्यक्ष उड्डाणात त्या सरळ रेषेला दोन्ही टोकांना वळणं पडतात. नागपूर कोल्हापूरहून जवळजवळ नेमक्या ईशान्येला येतं. कोल्हापूरची धावपट्टी 07/25 आहे, म्हणजे एका बाजूने उडालं तर तोंड पूर्वेकडे आणि दुसऱ्या बाजूने उडालं तर पश्चिमेकडे. विमान वारा येतो त्या दिशेला तोंड करून उडतं. पावसाळ्यात इथे वारा पश्चिमेचा, त्यामुळे नागपूरला जाणारं विमान बऱ्याचदा आधी पश्चिमेकडे जातं आणि मग वळतं. उतरताना नागपूरची धावपट्टी 14/32, वायव्य-आग्नेय. नैर्ऋत्येकडून आलेल्या विमानाला तिथेही वळसा घेऊनच तिच्या रांगेत यावं लागतं.

विमान कोणतं यानेही फरक पडतो. एटीआर 72 साधारण ताशी पाचशे किलोमीटरने जातं, तर 76 आसनी एम्ब्रायर 175 जेट आठशेच्या जवळपास. सातशे किलोमीटरवर हा फरक अर्ध्या तासाचा होतो. तिकिटावरची वेळ तर गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतची. म्हणून जेट असलं तरी सव्वा तासाचे दीड तास होतात.

पण खरं सांगायचं तर या पंधरा-वीस मिनिटांनी या प्रकरणात काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते वेगळ्या ठिकाणी. थेट विमान रोज नव्हतं. त्या हंगामाच्या वेळापत्रकात ते मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी होतं, आणि गुरुवारचं दुपारनंतर नागपूरला टेकणार होतं. तपासणी दहाला. म्हणजे मंगळवारचं विमान सोडलं, तर तपासणीपूर्वी थेट विमानच उरत नव्हतं.

पर्याय

सोमवारी रात्री साडेआठला आण्णा, सर, इंजिनिअर आणि डिस्पॅचच्या मॅडम असे चौघं बसले. मॅडमनी वहीत सगळे मार्ग मांडले.

मंगळवारचं थेट विमान. अंतर सर्वांत कमी, प्रवास सर्वांत सोपा. अडचण दोन: कापलेला नग आणि रिपोर्ट तोवर तयार होणार नव्हते, आणि दोघांची दोन रात्री हॉटेलची सोय करावी लागणार होती. आण्णांनी हा पर्याय मिनिटभरात उडवला. “तिथं जाऊन दोन रात्री काय करणार? संत्री मोजणार?”

रेल्वे. महाराष्ट्र एक्सप्रेस मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेत नागपूरला पोचते. बाराशे किलोमीटरच्या पुढे अंतर आणि चोवीस तासांहून जास्त वेळ. विमानाची रेघ सातशेची नि रुळांची बाराशेची. पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भ यांच्यामधला रेल्वेमार्ग असाच आहे. पंढरपूर-लातूर-परभणीवरून जाणारी गाडी आठवड्यातून दोनदा सुटते, ती या दिवसांत बसत नव्हती. नग मंगळवारी रात्री तयार होणार म्हटल्यावर रेल्वे बाद झाली.

बेळगाव. तिथल्या सांबरा विमानतळाहून नागपूरचं हवाई अंतर सुमारे 745 किलोमीटर, आणि कोल्हापूरहून बेळगाव गाडीने दोन-अडीच तास. हवा तो दिवस तिथेही मिळाला नाही.

पुणे. कोल्हापूर-पुणे रस्त्याने सुमारे 235 किलोमीटर, पुढे हवाई 605. पुणे-नागपूर विमानं रोज आणि दिवसातून अनेक. पण कागल-सातारा सहापदरीकरणाची कामं, जागोजागी वळवलेला रस्ता, त्यात पाऊस. पूर्वी चार तासांत होणाऱ्या प्रवासाला पाच-साडेपाच धरावे लागतात, आणि लोहगावचा विमानतळ पुण्याच्या पार पलीकडच्या टोकाला.

मुंबई. उजळाईवाडीहून मुंबई हवाई 308 किलोमीटर, मुंबईहून नागपूर 683. बेरीज 991, म्हणजे सरळ रेषेपेक्षा जवळजवळ तीनशे जास्त. तरीही बुधवारी सकाळी 10:40 चं विमान पकडून दुपारी साडेतीनचं नागपूरचं मिळत होतं आणि संध्याकाळी पाचला पोचता येत होतं. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी तिकिटं, मुंबईत टर्मिनल बदलायचं. मध्ये पावणेचार तास.

गाडी. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा. आठशेच्या वर किलोमीटर, चौदा-पंधरा तास. कुणीही गांभीर्याने घेतलं नाही. खरं तर तुळजापूरहून लातूर-नांदेड-यवतमाळ-वर्धा असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 बुटीबोरीलाच येऊन मिळतो. म्हणजे गाडी थेट ग्राहकाच्या फाटकाशी. ही गोष्ट त्या रात्री वहीत लिहिली गेली नाही.

निर्णय

मुंबईमार्गे जायचं ठरलं. कारण साधं होतं: विमानतळ दारात, संध्याकाळी पाचला नागपूर, आणि मध्ये पावणेचार तासांची ढील. मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता, “सकाळचं विमान उशिरा आलं तर?” त्यावर सर म्हणाले, “पावणेचार तास आहेत की.”

माझ्या मते इथवरचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. ढील पुरेशी होती. कमी पडलं ते पुढचं वाक्य: उशीर किती झाला की हा मार्ग सोडायचा, आणि सोडून कुठे जायचं. ते कुणीच ठरवलं नाही.

बुधवार

सकाळी पावणेनऊला दोघं कारखान्यातून निघाले आणि दहा मिनिटांत विमानतळावर पोचले. कापलेला नग बारदानात, वर बबल रॅप, मग जुन्या ट्रॉली बॅगेत. इंजिनिअरच्या पाठीवरच्या सॅकमध्ये बोअर गेज, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. गेज महाग आणि नाजूक म्हणून हातात ठेवलेली. तपासणीत ट्रॉली बॅग एक्स-रेमध्ये नुसता काळा ठोकळा दिसली. उघडा म्हणाले. बारदान सोडलं, कापलेली बाजू वर आली, आणि बोअरमधली मोहरीएवढी छिद्रं बघून तपासणारा म्हणाला, “हे तर खराब झालंय.” सर म्हणाले, “म्हणूनच तर नेतोय.” हँडबॅगमधली गेज मात्र सोडली नाहीत. हत्यारं-अवजारं आत नेता येत नाहीत म्हणून त्यांना परत काउंटरवर जाऊन ती सामानात टाकावी लागली. सामानाची मर्यादा माणशी 15 किलो. दोन नग, गेज आणि कपडे मिळून काटा त्या मर्यादेला टेकला होता.

साडेदहाला कळलं की विमान अजून आलेलंच नाही. लहान मार्गांवर एकच विमान दिवसभर चार-पाच गावं फिरतं. सकाळी पहिल्या गावात पावसाने अडकलं की पुढची सगळी गावं सरकतात. आधी 12:15 सांगितलं, मग 13:30. दोन तास उलटल्यावर समोसा आणि ज्यूसचं पाकीट आलं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की अल्पोपाहार द्यावा लागतो, तो हा.

सव्वाबारापर्यंत साडेतीनचं नागपूर विमान गेल्यातच जमा झालं होतं. 13:30 ला उडालं तर मुंबईत पावणेतीन, सामान हाती यायला तीन, टर्मिनल बदलायला पुन्हा वेळ. समोरचा काउंटर तोवर बंद. दोन तिकिटं वेगळी, त्यामुळे पुढचं विमान चुकलं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही.

इथे दोन वाटा होत्या. एक, थांबायचं, मुंबईला जायचं आणि तिथून संध्याकाळचं नागपूरचं नवं तिकीट काढायचं. मुंबई-नागपूर विमानं रात्रीपर्यंत असतात. दोन, आत्ताच उठायचं आणि गाडीने पुणे गाठून 20:40 चं विमान पकडायचं. पुण्याला पावसात साडेपाच तास धरले, तर दीडच्या आत कोल्हापूर सोडायला हवं. म्हणजे दीडनंतर दुसरी वाट बंद, आणि पहिली वाट तेव्हाही एका न आलेल्या विमानावर अवलंबून. ते अडीचला रद्द झालं तर गुरुवारी दहाला बुटीबोरीत उभं राहण्याचा एकच मार्ग उरला असता, रात्रभर गाडी.

पैशाचाही प्रश्न होता. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर कंपनीला दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा द्यावा लागतो. दोन-तीन तासांत प्रवाशाने स्वतःहून माघार घेतली, तर ते त्याचं स्वतःचं रद्द करणं ठरतं आणि हाती फार काही येत नाही. आण्णा फोनवर म्हणत होते, थांबा, पैसे बुडवू नका. सरांनी बारा पन्नासला सांगितलं, “आण्णा, तिकिटाचे पैसे गेले तर गेले. लॉट जायला नको.” सामान परत मिळायला पंचवीस मिनिटं लागली. सव्वाला गाडी महामार्गाला लागली.

पेठनाक्याच्या पुढे वळवलेला रस्ता, साताऱ्याच्या अलीकडे एक उलटलेला ट्रक, खंबाटकीत धुकं. सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना लोहगाव. विमान वेळेत सुटलं, दहा वाजून पाच मिनिटांनी नागपूर. वर्धा रोडवरच्या हॉटेलात पावणेअकरा. कारखान्यातून निघाल्यापासून बरोबर चौदा तास.

आणि कोल्हापूरचं ते विमान? 14:10 ला उडालं. थांबले असते तर मुंबईहून संध्याकाळच्या विमानाने आठ-नऊपर्यंत नागपूरला पोचले असते, कमी दगदगीत.

निष्पत्ती

गुरुवारची तपासणी दहाला सुरू झाली. कापलेल्या नगाने बोलणं बदललं. छिद्रं बोअरच्या एकाच बाजूला होती, कोअरमधून (आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या साच्यातून) वायू नीट बाहेर न पडल्याची खूण. इंजिनिअरने हीट नंबर काढून दाखवलं की दोनच हीटमध्ये कोअर ओलसर राहिले होते. लॉट हीटप्रमाणे वेगळा केला. 240 पैकी 62 नग रिजेक्ट झाले, उरलेले शंभर टक्के तपासणी करून घ्यायचं ग्राहकाने मान्य केलं. पूर्ण लॉटची डेबिट नोट टळली.

ती तपासणी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चालली आणि सर तिच्यासाठी थांबले. शनिवारी ते थेट विमानाने परतले: दीड तासाचा प्रवास, उजळाईवाडीला उतरले आणि वीस मिनिटांत घरी. इंजिनिअर गुरुवारीच रात्री पुण्याला आला आणि स्वारगेटहून एसटीने सकाळी कोल्हापुरात. सरांचं म्हणणं असं की शनिवारच्या विमानात बसल्यावर सोमवारी आण्णांना जे वाटलं ते अगदी खरं वाटायला लागतं.

काय वेगळं करता आलं असतं

बुधवारी दुपारचा निर्णय चुकला का, यावर कारखान्यात आजही दोन गट आहेत. आण्णा 14:10 कडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. बारा पन्नासला 14:10 कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच की वेळ दोनदा पुढे गेली आहे आणि पुण्याची वाट चाळीस मिनिटांत बंद होणार आहे. त्या माहितीवर सरांनी घेतलेला निर्णय बरोबर होता. त्यात सुधारणा एकच: तो आदल्या रात्रीच लिहून ठेवला असता, तर सव्वाबाराला उठले असते आणि सामानासाठी गेलेली पंचवीस मिनिटं रस्त्यावर कामी आली असती.

त्याहून मोठा प्रश्न सोमवार रात्रीचा. दोघांना एकत्रच पाठवायचं, हे कुणी ठरवलं? नग आणि रिपोर्ट मंगळवारी रात्री तयार होणार होते हे खरं, पण हजर माणूस हवा होता, आणि माणूस मंगळवारी मोकळा होता. सर मंगळवारच्या थेट विमानाने गेले असते, तर गुरुवारची अट तिथेच पूर्ण झाली असती. बुधवारी ते ग्राहकाच्या स्टोअरमध्ये बसून हीट नंबर वेगळे करत बसले असते. इंजिनिअर नग घेऊन मागून आला असता. तो उशिरा पोचला असता तरी लॉट वाचला असता. एका माणसाच्या दोन रात्रींचं हॉटेल हे पुण्याची टॅक्सी, ऐन वेळची दोन तिकिटं आणि बुडालेलं मुंबईचं भाडं यांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडलं असतं. मॅडमनी नंतर हिशेब मांडला, तेव्हा तो जवळजवळ एकास तीन निघाला.

गाडीचा पर्यायही एकदा कागदावर यायला हवा होता. पावणेनऊला कारखान्यातून निघून रात्री अकराच्या आसपास बुटीबोरी, गेज हातात, नग डिकीत, काटा नाही, टर्मिनल नाही. मात्र दोन ड्रायव्हर हवेत, आणि पावसात नांदेडच्या पुढे अंधारात गाडी हाकणं मी तरी कुणाला सुचवणार नाही. पहाटे निघायचं असेल तर वेगळी गोष्ट.

अंतराच्या आकड्याचा उपयोग नाही असं नव्हे. 2017 च्या एप्रिलमध्ये सिमला-दिल्ली विमानाने सुरू झालेल्या, लहान गावांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेत भाड्याची कमाल मर्यादा अंतराच्या टप्प्यांवरच बांधली होती; सुरुवातीला पाचशे किलोमीटरच्या तासाभराच्या प्रवासाला 2500 रुपये, तेही विमानातल्या काही ठरावीक जागांपुरते. भाडं ठरवायला अंतर चालतं. गुरुवारी दहाला पोचायचं असेल तर विचारायचा प्रश्न दुसरा आहे: हे चुकलं तर पुढचं कधी? पुणे-नागपूरला त्याचं उत्तर काही तासांत येतं. कोल्हापूर-नागपूरला दोन दिवसांनी. पुण्याहून निघायला आधी साडेपाच तास रस्त्यावर घालवावे लागतात, तरी वेळेच्या कामाला पुणे जवळ पडतं ते यामुळे.

आता डिस्पॅचच्या टेबलामागे मॅडमनी एक तक्ता चिकटवलाय. बुटीबोरी, चाकण, होसूर अशी ग्राहकांची गावं, थेट विमानाचे वार, पुढच्या विमानापर्यंतचे तास, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने ‘इतके वाजले की उठायचं’. विमानांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात, म्हणून तक्ता वर्षातून दोनदा नव्याने करावा लागतो. हॉटेलच्या रकान्यावर आण्णांनी अजून सही केलेली नाही. एका माणसाला आधी पाठवायचा खर्च कोणत्या रकमेच्या लॉटपासून मान्य करायचा, हे ठरवायला पुढच्या महिन्याची बैठक लागली आहे.